मुद्द्यावर येईपर्यंत

४ मार्च

आज दुपारी, म्हणजे जेवण उरकल्यावर आणि खरं तर जरा आडवं व्हावं असा विचार मनात घोळत असताना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं झालं; आणि तिथे जे काही समजलं ते अगदीच अनपेक्षित होतं असं म्हणता येणार नाही, तथापि ते अपेक्षित होतं असं म्हणणंही धाडसाचं ठरेल.

वाक्य परत वाचून पाहिलं. चांगलं उतरलंय. त्यात माहिती काही नाही, पण तोल सुंदर आहे. निवृत्त झालो तरी हात अजून मसुदे लिहिणाऱ्याचाच आहे.

असो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि शब्द विकत आणावे लागत असल्यासारखी बोलते. "काचबिंदू आहे. डावीकडचं बरंच दिसणं गेलंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवता येईल. थेंब रोज घालायचे. गाडी बंद."

मी म्हणालो, "बंद म्हणजे शक्यतो, साधारणपणे, गर्दीच्या वेळी…"

"बंद."

मग तिने घराण्यात कोणाला होता का विचारलं. मी म्हणालो, वडिलांना शेवटी शेवटी उजेडाचं फारसं अगत्य राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे दिसत नव्हतं?" हा शब्दप्रयोग आमच्या घरात कोणी केला नव्हता. आई पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना घर पाठ आहे, म्हणून दिवा लावत नाहीत." आम्हीही तेच सांगायचो.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हा आजार घराण्यात उतरतो. मुलं आहेत?" एक मुलगी आहे, म्हणालो. "तिला डोळे तपासायला सांगा. आज." शेवटच्या शब्दावर तिने उगाचच जोर दिला.

हिला आणि मुलीला योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगेन. गाडी चालवतच घरी आलो. ती तिथेच सोडून येणं बरं दिसलं नसतं.

५ मार्च

सकाळी कच्चा मसुदा केला. "विषय : अस्मादिकांच्या दृष्टीबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विदित करण्यात येते की…" फाडला. बायकोला महोदया म्हटलं तर ती आधी माझा ताप बघेल.

दुसरा मसुदा मृदू भाषेत केला. त्यात "काही अंशी", "तूर्तास" आणि "घाबरण्याचे प्रयोजन नाही" हे सगळं नीट बसलं, फक्त काचबिंदू बसायला जागा उरली नाही.

नकार कळवण्यात माझा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. एकदा एक गृहस्थ फुलांचा गुच्छ घेऊन आले, अर्ज मंजूर केल्याबद्दल आभार मानायला. अर्ज नामंजूर झाला होता. साहेबांनी ते पत्र नमुना म्हणून फाइलला लावून ठेवलं होतं. असा माणूस स्वतःच्या बायकोला एक साधी गोष्ट सांगू शकत नाही, हे काही मला पटत नाही.

रात्री जेवताना सूतोवाच केलं. म्हणालो, "वयोमानानुसार माणसाच्या अनुभवाच्या कडा जरा धूसर होत जातात, असं तुला कधी वाटतं का?"

ती म्हणाली, "अहो, मीठ हवंय का?"

मीठ माझ्या डाव्या हाताशीच होतं म्हणे. तिने उचलून उजवीकडे ठेवलं.

८ मार्च

हिच्यात काही बदल जाणवतात. नोंद असावी म्हणून लिहितो. चालायला निघालो की ही झटकन माझ्या डाव्या बाजूला येते आणि कोपराला धरते. लग्न नवं होतं तेव्हाही असं कधी केलं नव्हतं. दारं एक तर सताड उघडी ठेवते, नाही तर घट्ट लावते, अर्धवट एकही नाही. बैठकीतलं छोटं स्टूल, ज्यावर मी महिनाभर अडखळत होतो, ते माळ्यावर गेलं. विचारलं तर म्हणते, "धूळ बसते त्याच्यावर." धूळ कशावर बसत नाही?

तिच्या वयात बायकांना घर नव्याने मांडावंसं वाटत असेल.

मात्र आज एक नामी युक्ती सुचली. हिलाच गाडी शिकवायची! म्हणजे मी चालवायची थांबलो तरी ते थांबलेलं दिसणार नाही, आणि सांगायची वेळ आपोआप पुढे जाईल. चहा घेताना विषय काढला. स्त्रियांचं स्वावलंबन, बाजाराचं अंतर, बसचे वाढलेले हाल असे मुद्दे क्रमाने मांडणार होतो. पहिल्या मुद्द्यालाच ती "बरं, शिकते" म्हणाली आणि पर्समधून शिकाऊ परवाना काढून टेबलावर ठेवला. गेल्या आठवड्यात सहज काढून आणला होता म्हणे.

सहज! इतकी वर्षं गाडीच्या दाराला हात लावला नाही, आणि आता सहज. योगायोग म्हणतात तो असा.

१० मार्च

पहिला धडा. रविवारी घाऊक बाजार बंद असतो, तिथलं मोकळं आवार निवडलं. ही स्टिअरिंगवर, मी शेजारी.

सुरुवात उत्तम झाली. मग आवाराचं टोक आलं. मी म्हणालो, "आता साधारण इथून पुढे, समोरच्या त्या रिकाम्या खोक्यांची रास लक्षात घेता, तुझी हरकत नसेल तर आपण हळूहळू वेग कमी करत उजवीकडे…"

तोवर आम्ही राशीत होतो. खोकी पुठ्ठ्याची होती म्हणून निभावलं. एक टपावर चढून बसलं.

मी म्हणालो, "मी सांगत होतो."

"सांगत होतात हो," ती म्हणाली, "पण तुमच्या वाक्याचं क्रियापद यायच्या आत वळण मागे पडतं."

हिने जन्मभर तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवलं. तिची भाषा म्हणजे एक शिट्टी आणि दोन शब्द. "लाथ मार." "श्वास घे." "मान वर." शेकडो पोरं तरंगायला लागली, हे मान्य आहे. पण संभाषण म्हणून त्यात काही सौंदर्य नाही. मी लग्नाची मागणी पत्राने घातली होती, तेव्हा तिने ते पत्र भावाला दाखवून विचारलं होतं, की हा माणूस मागणी घालतोय की माफी मागतोय? भावाने दोनदा वाचलं आणि सांगितलं, नक्की कळत नाही, पण माणूस सभ्य दिसतो. त्या भरवशावर आमचा संसार उभा आहे.

घरी येताना मी चालवली. जवळच तर होतं.

१३ मार्च

आज मुलीला फोन केला. डॉक्टरने "आज" म्हटलं होतं तो आज मागे पडला, पण तिच्या सुट्टीचा दिवस बघणं भाग होतं. मुलगी परगावी दातांच्या प्रयोगशाळेत आहे, कृत्रिम दात घडवते. दिवसभर तांदळाएवढ्या दातांवर नजर लावून बसते.

मी म्हणालो, "तुझं काम पडलं बारीक नजरेचं. तेव्हा एकंदर प्रकाश, वाढतं वय, आणि घराण्याची म्हणून जी काही एक परंपरा असते, तिचा विचार करता…"

"बाबा, कोणाचं लग्न ठरलंय का?"

"नाही, नाही. दृष्टी ही मोठी गोष्ट आहे, एवढंच सुचवायचं होतं. तिची हेळसांड होऊ नये."

"तुम्हाला वाचायला त्रास होतोय का?"

"माझं सोड गं. मी सर्वसाधारणपणे बोलतोय."

"बरं बरं. आलं माझ्या लक्षात," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तिच्या वरिष्ठांबद्दल सांगत राहिली.

लक्षात आलं म्हणाली. हुशार पोर आहे, आडून बोललेलं तिला बरोबर कळतं. मनावरचं मोठं ओझं उतरलं. हिला फोनबद्दल काही सांगितलं नाही.

१७ मार्च

मुलीकडून पार्सल आलं. वाचायचा दिवा. तीन ठिकाणी वाकणारा, भारीतला. सोबत चिठ्ठी : "बाबा, दिवा हवा होता तर सरळ मागायचा की!"

कपाळाला हात लावला. हिने दिवा माझ्या टेबलावर लावला, तोही उजव्या बाजूला, आणि म्हणाली, "दिवा का पाठवला तिने?" मी म्हणालो, प्रेमाने. ती आणखी काही विचारेल म्हणून थांबलो. ती थांबली होती ती मी बोलेन म्हणून असावी, असं आता लिहिताना वाटतंय. पण तसं वाटायला आधार काही नाही.

ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा लिहितो. शब्द मला सापडत नाहीत असं नाही. मुलीला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या बापाकडून तुला बंगला नाही, जमीन नाही, हे मिळालंय? ती लहान असताना दाताचा डॉक्टर दुखवणार आहे हेसुद्धा मी तिला सांगू शकलो नव्हतो. बागेत जातोय म्हणालो होतो.

पुढच्या सुट्टीला परत फोन करीन. या वेळी जरा स्पष्ट.

१९ मार्च

हिने माझ्याकडचं शिकणं सोडून ड्रायव्हिंग स्कूल धरलं. तिथला मास्तर म्हणे फक्त "क्लच", "थांबा" आणि "शाबास" एवढंच बोलतो. ती खुशीत आहे. दोन दिवसांत मुख्य रस्त्यावर चालवली म्हणाली.

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

थेंबांची बाटली दाढीच्या सामानामागे लपवून ठेवतो. माझा हात कापतो, निम्मे थेंब गालावरच जातात, त्यामुळे संपत आली असेल असं धरून चाललो होतो. आज बघतो तर जवळजवळ भरलेली. अलीकडे औषधांचं माप चांगलं देतात.

२४ मार्च

आज जे झालं ते सरळ लिहायचा प्रयत्न करतो.

स्कूलची गाडी बिघडली होती. मास्तरने हिला आमचीच गाडी घेऊन मैदानावर बोलावलं. ही म्हणाली, तो मुख्य रस्ता मला एकटीला अजून जमणार नाही, आपण बसने जाऊ, मास्तरला तसं कळवते. मी किल्ली उचलली. "गाडी दारात असताना बस कशाला?" दोन आठवडे सगळीकडून मागे सरल्यासारखं वाटत होतं. निदान बायकोला मैदानावर तरी पोचवावं, एवढीच हौस होती.

ती दारात क्षणभर उभी राहिली. मग येऊन बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "मी डावीकडे बघत बसते. तिकडची दुकानं छान आहेत."

दुकानांच्या रांगेपाशी वळणार होतो. रस्ता रिकामा होता. मला तो पूर्ण रिकामा दिसत होता.

"सायकल!"

मी ब्रेक दाबला. सायकलवर एक बाई होती. पुढच्या टोपलीत भाजी, मागे लहान मुलाची बसायची जागा, सुदैवाने मोकळी. ती गाडीच्या पुढच्या दिव्याला हात टेकून उभी होती, एवढी जवळ. कुठून आली ते मला अजूनही सांगता येणार नाही. ती मला जे बोलली तेही थोडक्यात होतं, आणि ते सगळं मला लागू होतं. मग पाय मारत निघून गेली.

गाडी कडेला घेतली. त्या बाईला सावध करायचं काम माझ्याकडे असतं, तर मी अजून "डाव्या अंगाने येणाऱ्या" इथवर पोचलो असतो.

मी म्हणालो, "मला डावीकडचं दिसत नाही."

एवढंच. इतके दिवस केलेल्या मसुद्यांपैकी एकातही हे वाक्य नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून. तुम्ही स्टुलाला रोज नवीन शिव्या देत होतात तेव्हापासून. मग थेंब सापडले." तिने माझा हात हातात घेतला. "बोलले नाही, कारण काठावर उभ्या पोराला मी कधी ढकलत नाही. ढकललं की ते पाण्याला कायमचं घाबरतं. स्वतः उडी मारेपर्यंत थांबायचं. म्हटलं, तुम्हीही माराल."

स्टूल, दारं, मीठ, भरलेली बाटली हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मला इतकं हलकं वाटलं की बाकीचंही तोंडून निघून गेलं. "हे घराण्यात उतरतं. माझ्या वडिलांना दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाली, मुलीला लगेच तपासायला सांगा."

तिने हात सोडला.

"कधी म्हणाली?"

"चार तारखेला."

"आणि पोरीला सांगितलंत?"

"फोन केला होता. तिने दिवा पाठवला."

ती इतक्या जोरात ओरडली की दुकानातली माणसं बाहेर बघायला लागली. "वीस दिवस! अहो, वीस दिवस तुम्ही पोरीच्या डोळ्यांवर शब्द रचत बसलात?" मग ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "माझंही चुकलं. मला वाटलं, दुखणं तुमचं एकट्याचं आहे, घ्या हवा तेवढा वेळ. या वेळी ढकलायला हवं होतं."

मी फोन काढला. नंबर तिने लावला. मुलीने "बाबा, दिवा आवडला का?" असं विचारलं.

मी म्हणालो, "तुझ्या आजोबांना शेवटी दिसत नव्हतं. आम्ही ते लपवलं. मला काचबिंदू झालाय. तुलाही होऊ शकतो. उद्या डोळे तपास."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच बोलतोय."

"उद्या जाते," ती म्हणाली. आवाज घाबरलेला होता, पण कळलं होतं. मी सांगितलेलं तिला पहिल्या झटक्यात कळलं, असं बहुधा आज प्रथमच झालं.

घरी येताना ही चालवत होती. पुरा रस्ता मी एक शब्द बोललो नाही. मुख्य रस्त्यावर तिने वळण इतकं सुरेख घेतलं की "शाबास" तेवढं तोंडून निघालं.

२६ मार्च

मुलगी काल तपासायला गेली. यंत्रावर आणखी तपासण्या आहेत, निकालाला दोन-तीन दिवस. काही सुचत नाही. ही एकच कपाट पुन्हा पुन्हा आवरते आहे.

मला डॉक्टरकडे हिने नेलं, स्वतः चालवून. मी डॉक्टरला म्हणालो, "मी उशिरा सांगितलं. मला भीती वाटते."

गंमत म्हणजे आज तीच लांब बोलली. "हे बघा, म्हणजे आत्ताच काही खात्रीने सांगता येणार नाही, पण तिचं वय पाहता, आणि तिला अजून काही जाणवत नाहीये हे लक्षात घेतलं, तर फारसं नुकसान झालं नसण्याची शक्यता बरीच आहे, असं मला तरी वाटतं." ती मला सांभाळून घेत होती, हे दिसत होतं. बोलण्याला असं शेपूट लावणं कधी कधी मायेचंही असतं, आणि आज मला ते गोड लागलं. पण बाहेर आल्यावर हिला विचारलं, "काय म्हणाली गं?"

"माहीत नाही म्हणाली," ही म्हणाली. "आशा आहे म्हणाली."

हिला थेंब घालू दिले. एकही गालावर गेला नाही.

२९ मार्च

मुलीचा फोन आला. "बाबा, म्हणजे तसं पाहिलं तर फार काळजीचं असं काही…"

माझीच मुलगी. माझाच आवाज तिच्या तोंडून येत होता.

"सरळ सांग," मी म्हणालो.

तिने सांगितलं. डोळ्यांतला दाब वाढलाय. आजाराची सुरुवात आहे. नजर अजून कुठेही गेलेली नाही. कालपासून थेंब सुरू केले. तिचे डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ता आलात, अजून काही वर्षं तुम्हाला पत्ताही लागला नसता.

"अजून एकदा सांग," हिने फोन ओढून घेतला.

"आई, मला सगळं दिसतंय. आणि पुढेही दिसेल."

ही खाली बसली. मी शेजारी बसलो. दोघंही रडलो. मग भूक लागली, तेव्हा जेवलो.